पांढरी तीनला पोचलेलं चाक

तुम्ही खोटं लिहिलंत.

चुकून लिहिलं असतं तर मी हा मजकूर लिहायला बसले नसते. चुका मीही केल्यात, आणि लोकांच्या चुका दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. पण तुमच्या अहवालाच्या सातव्या पानावरचं वाक्य चुकून पडलेलं नाही. ‘सदर चाक अनधिकृत मानवी हस्तक्षेपामुळे निकामी झाल्याचे निष्पन्न होते.’ हे वाक्य लिहिणाऱ्या माणसासमोर टेबलावर ते फुटलेलं चाक पडलं होतं. त्या चाकाच्या रिमवर आतल्या बाजूनं पेन्सिलीच्या पाच नोंदी होत्या. त्या माझ्या हातच्या. त्या काय आहेत हे मी तुम्हाला उभं राहून सांगितलं. तुम्ही ऐकलंत, लिहून घेतलंत, आणि त्यानंतर हे वाक्य लिहिलंत. म्हणून म्हणते, खोटं लिहिलंत.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांच्या सायकलीच्या चाकात, मधल्या हबवर, तुमचा हिरवा शिक्का आहे त्यांना ते ठाऊक आहे.

माझं नाव राजमती चौगुले. मिरजेत सतारी बनवणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे, तिच्या तोंडाशी माझं सायकलचं दुकान. होतं, असं म्हणायला हवं, तुमचं कुलूप आहे आता त्याला. चाकाचा आउट काढणं हे माझं काम. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडं लचकायला लागलं की ते आउट झालं म्हणतात. मग ते उलटं टांगायचं, फिरवायचं, आणि जिथं लचकतं तिथल्या तारा कसायच्या किंवा सैल करायच्या. तारेच्या टोकाला पितळी निप्पल असतं, त्याला छोटी चावी लावून पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. एवढंच काम. पण त्या पाव आट्यात सगळं आहे. चाक लोखंडाच्या जोरावर उभं नसतं, ते ओढाताणीवर उभं असतं. छत्तीस तारा रिमला मध्याकडं ओढतात, आणि एकीचंही दुसरीपेक्षा जास्त चालत नाही, तोवरच चाक गोल राहतं.

हे मला शेजारच्या दस्तगीरचाचांनी शिकवलं. चाचा सतारी बनवतात. वडील गेल्यावर दुकान माझ्या अंगावर पडलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि मी आउट काढलेली चाकं आठ दिवसांत परत यायची. चाचांनी एक दिवस असंच एक परत आलेलं चाक हातात घेतलं, नखानं एकेक तार छेडली आणि म्हणाले, “बेटी, आउट डोळ्यांना दिसतो. ताण दिसत नाही, तो ऐकावा लागतो.” चाक सरळ दिसत होतं, पण तारा सगळ्या वेगवेगळ्या बोलत होत्या.

त्यात जादू काही नाही. तार जितकी ताणलेली तितका तिचा आवाज चढा. ताण चौपट केला की आवाज बरोबर दुप्पट उंचीचा येतो, वरचा षड्ज. हे सतारीच्या तारेला लागू आणि सायकलच्या तारेलाही. तेव्हापासून माझी रीत ठरली. आउट काढून झाला की मी तार छेडायची, चाचा पलीकडून पेटीवर पट्टी शोधायचे, आणि ती पट्टी मी रिमच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवायची. गाणारे लोक पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून सांगतात तशीच, पांढरी चार, काळी दोन. वर्षानं ते चाक परत आलं की ताण किती उतरला हे मला छेडल्याछेडल्या कळायचं. मिरजेतल्या दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या, शाळेच्या पोरींच्या शेकडो चाकांत माझं अक्षर आहे. त्यातल्या एकाही चाकानं कधी माणूस पाडला नाही.

मग आपोआप ताणाची चाकं आली.

वाईट होती असं मी कधीच म्हटलं नाही. विजेच्या सायकलला हबमध्येच मोटार असते. चढावर ती हिसका देते तेव्हा सगळा जोर तारांवर येतो, आणि साध्या तारा मुळाशी पटापट तुटायच्या. त्यावर कुणीतरी हुशारीनं उपाय काढला. प्रत्येक निप्पलजवळ बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे बसवले, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. या धातूला आपला जुना आकार आठवतो. थोडी वीज सोडली की तो तापतो, आखडतो, आणि निप्पलला एक दाता पुढं ढकलतो. दुसऱ्या तुकड्यात सोडली की एक दाता मागं. तारेवर तांदळाच्या दाण्याएवढा ताणमापक चिकटवलेला असतो. तो दर चार सेकंदांनी हबमधल्या चिपला ताण कळवतो, आणि चिप ठरवते कुठली तार कसायची, कुठली सोडायची. चालत्या सायकलचा आउट आपोआप निघतो. पहिली दोन वर्षं मी ती चाकं फिरवून बघायची आणि मनात म्हणायची, राजमती, तुझ्यापेक्षा बरं काम आहे.

मग या चाकांना मान्यता देणाऱ्या तुम्ही लोकांनी नियम काढला. या चाकांना माणसानं चावी लावायची नाही. निप्पल पाच कोनांचं केलंत, आतून सील लावलंत. कुणी ते फिरवलं की चिप मोटार बंद करते, तुमच्याकडं नोंद जाते आणि तुमचा माणूस येऊन उघडेपर्यंत सायकल जागची हलत नाही. दोन-तीन वर्षांत साधी सायकल रस्त्यावर औषधाला उरली नाही. माझ्या दुकानात राहिलं काय, तर पंक्चर आणि ब्रेकचे रबर.

तुमचा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ श्रेणिक. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, तो माझ्या दुकानातच वाढला. डिप्लोमा केला आणि तुमच्याकडं चाक-निरीक्षक झाला, मिरज पूर्व विभाग. पेढे घेऊन दुकानात आला त्या दिवशी म्हणाला, “अक्का, आता कुणाच्या कानावर अवलंबून राहायला नको लोकांनी.” कुचकेपणानं नाही म्हणाला, आनंदानं म्हणाला. मी त्याच्या तोंडात पेढा घातला. चाचा शेजारून म्हणाले, चला, कान रिटायर झाले, आता कुंडलं घालायला मोकळे.

आता सुनंदाबद्दल सांगते, कारण तुमच्या अहवालात ती फक्त ‘वाहनचालक महिला’ आहे.

सुनंदा कोरवी आमच्या भागातली आरोग्यसेविका. बावीस वर्षांची नोकरी. मागं लसीची थंड पेटी बांधायची, तीस किलोची, आणि मालगाव, बेडग, दंडोबाच्या डोंगरापलीकडच्या वस्त्या असं फिरायचं. महिनाअखेरीला चाकात हवा भरायला माझ्याकडं यायची. हवा निमित्त, खरं काम चहा आणि सासूच्या चहाड्या. गेल्या डिसेंबरात तिला नवी सायकल मिळाली. मी सवयीनं मागच्या चाकाची तार छेडली. सुनंदा म्हणाली, “काय गं राजूअक्का, चाकाला गाणं शिकवतीस?” मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरं गातंय. चाचांनी पट्टी सांगितली, पांढरी एक. मी रिमवर लिहिली. तार छेडायला मनाई नाही तुमच्या नियमात, चावी लावायला आहे. मी चावी लावली नाही.

जानेवारीत छेडली, तर काळी एक. छत्तीसच्या छत्तीस तारा अर्धा सूर वर. मला वाटलं चाचांची पेटी हलली. चाचा म्हणाले, “माझी पेटी माझ्याएवढी म्हातारी आहे बेटी, पण ती दर महिन्याला पट्टी बदलत नाही.”

फेब्रुवारीत पांढरी दोन.

मी श्रेणिकला बोलावलं. तो आला, आपलं यंत्र हबला लावलं आणि पडदा माझ्याकडं फिरवला. छत्तीस ओळी, छत्तीस हिरव्या. मी म्हटलं, आवाज चढलाय म्हणजे ताण चढलाय, यात तिसरं काही नाही. तो हसला. यंत्राची तपासणी दर सहा महिन्यांनी होते, म्हणाला, तुझ्या कानाची कधी झाली? मीही हसले, कारण त्या पोराला मी सायकल शिकवताना मागं धरून पळालेय, त्याचं बोलणं मला लागत नाही. पण लिहून वर कळव म्हटलं. कळवतो म्हणाला.

मार्चमध्ये काळी दोन.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी एक काम केलं. घरात जुनी चावी होती, ती कानशीनं घासून पाच कोनांची केली. तुमच्या निप्पलला बसेल अशी. हे मी सुनावणीत स्वतःहून सांगितलं. माझ्या बोलण्यातलं नेमकं एवढंच तुमच्या अहवालात उतरलंय.

एप्रिलच्या अकरा तारखेला सकाळी सुनंदा आली. त्या दिवशी डोंगरापलीकडच्या वस्तीवर लसीकरण होतं, एक्केचाळीस लेकरं, आया रानातली कामं सोडून थांबणार होत्या. सकाळी नवालाच ऊन पोळत होतं. मी तार छेडली आणि चाचांनी पेटीवर बोट ठेवायच्या आधीच मला कळलं. पांढरी तीन. डिसेंबरपासून चार अर्धे सूर. हिशोब सोपा आहे, आवाज सव्वापट चढला म्हणजे ताण दीडपटीच्या वर गेला. रिमच्या भोकांजवळ ॲल्युमिनियम किंचित फुगलं होतं, नख फिरवलं की कळत होतं. मी ते सुनंदाच्या बोटाला दाखवलं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “तुझ्याकडं चावी हाय न्हवं? लाव. मी कुणाला सांगत न्हाई.”

चावी खणात होती. मी ती हातात घेतली.

एक पाव आटा, छत्तीस वेळा. वीस मिनिटांचं काम. पण पहिल्या निप्पलला सील तुटणार, मोटार बंद पडणार, तीन-चार दिवस सायकल माझ्या दारात उभी राहणार. पेटीतली लस तापणार. एक्केचाळीस लेकरं परत जाणार. आणि श्रेणिक. त्याच आठवड्यात त्यानं फोन केला होता. अक्का, माझ्या हद्दीत एक सील तुटलं तरी माझी चौकशी लागते, तू तरी असलं काही करू नकोस. तू तरी, म्हणाला. मी त्याची बहीण, आणि माझ्याच दारात सील तुटलं तर त्याचं काय होईल ते मला दिसत होतं. पडदा तर हिरवाच होता. मला वाटलं, एवढे शिकलेले लोक, एवढी यंत्रं, कदाचित माझाच कान म्हातारा झाला असेल.

मी चावी खणात टाकली. उतारावर हळू जा, एवढं म्हटलं.

“हळू गेले तर लस तापती,” सुनंदा म्हणाली, आणि गेली.

पलीकडच्या उतारावर, वस्ती दिसायला लागल्यावर, मागचं चाक फुटलं. पंक्चर नाही, फुटलं. रिम तीन भोकांपाशी फाटली, एका बाजूच्या तारा सुटल्या आणि सायकल तिच्या पायावर आडवी झाली, तीस किलोच्या पेटीसकट. ट्रॅक्टरवाला थांबला तेव्हा तिनं आधी पेटी वस्तीवर पोचवायला लावली. शौर्य म्हणून नाही. परत एवढ्या बायका कोण गोळा करणार, असं म्हणाली त्याला. चौथ्या दिवशी डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढावा लागला.

मग तुम्ही आलात.

सुनावणीला तुमचे तीन अधिकारी होते. चाक टेबलावर. रिमवरच्या पाच नोंदी दाखवून तुम्ही मला विचारलंत, अक्षर तुझं का. मी हो म्हटलं आणि त्यांचा अर्थ सांगायला लागले. पांढरी एक म्हणजे काय, पांढरी तीन म्हणजे काय, तारेचा आणि ताणाचा संबंध काय. पोरांना शाळेत शिकवतात तेवढंच सांगितलं. मधल्या खुर्चीवरचा अधिकारी शांतपणे म्हणाला, “‘पांढरी तीन’ हे मापनाचं मान्य एकक नाही.” टाइप करणारी मुलगी हसली. मग बाकीचेही हसले.

श्रेणिकलाही उभं केलंत. त्याला एकच प्रश्न होता, हे अक्षर ओळखता का. तो म्हणाला, हो, माझ्या बहिणीचं. आणि खाली बसला. फेब्रुवारीत काय झालं हे तुम्ही विचारलं नाहीत. त्यानंही सांगितलं नाही. मी त्याच्याकडं बघत होते, तो टेबलाकडं.

अहवालात तुम्ही लिहिलंत की चाक फुटलं त्या क्षणापर्यंत, म्हणजे बाराला आठ मिनिटं कमी असेपर्यंत, सर्व छत्तीस तारांचा ताण योग्य असल्याची नोंद आहे, सबब चाकात दोष नव्हता. सबब पाच पेन्सिल-नोंदी म्हणजे पाच वेळा केलेली छेडछाड. सबब चावी जप्त.

आता हे मला समजावून सांगा. चावी लावली की सील तुटतं, सील तुटलं की मोटार बंद पडते आणि तुमच्याकडं नोंद जाते, हा तुमचाच नियम आहे ना? मग पाच वेळा चावी लावल्याच्या पाच नोंदी कुठं आहेत? एक तरी आहे का? आणि मोटार बंद पडलेली सायकल घेऊन सुनंदा डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत डोंगर कशी चढत होती? मी हे सुनावणीतच विचारलं. उत्तर आलं, यंत्रणेला चकवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे ताण बरोबर होता असं सांगते तेव्हा तुमची यंत्रणा खरी, आणि कुणी हात लावला नाही असं सांगते तेव्हा चकवलेली. एकाच चिपची अर्धी नोंद देववाणी आणि अर्धी रद्दी. कुठल्या शाळेत शिकलात हे?

त्या एका वाक्यानं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. वाहन जाणूनबुजून छेडछाडीला दिलं म्हणून सुनंदाला कामावरून काढलं. अपघात कर्तव्यावर झाला असं धरलंच नाही, म्हणून नोकरीतून मिळणारा कृत्रिम पायही नाही. बावीस वर्षं ज्या बाईनं या तालुक्यातली अर्धी लेकरं टोचली ती आता घराच्या ओट्यावर बसून असते. बायका जाताना विचारतात, काय हो सिस्टर, कशाला त्या सायकलीला हात लावू दिला?

मी तिच्याकडं गेले तेव्हा तिनं ओट्यावर सरकून मला जागा दिली. मग म्हणाली, तुला ऐकू आलं होतं, तुझ्या हातात चावी होती, आणि तू ती खणात टाकलीस. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “ह्याचा राग माझा मी बघून घीन, तो आपल्या दोघींतला हाय. पर त्यांनी लिहिलंय तू चावी लावलीस. लावली असतीस तर माझा पाय असता की गं. असलं उलटं मी ऐकून घेनार न्हाई.”

माझा गुन्हा आहे, आणि तो मी लपवत नाही. पण तो तुम्ही लिहिला त्याच्या बरोबर उलटा आहे. मी हात लावला म्हणून ती पडली नाही. मी तुमच्या हिरव्या रंगाला घाबरून हात लावला नाही, म्हणून पडली.

मे महिन्यात एका दुपारी श्रेणिक आला. दुकानाला तुमचं कुलूप, म्हणून आम्ही चाचांच्या पायरीवर बसलो. पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसला. म्हणाला, फेब्रुवारीतली तुझी तक्रार मी वर पाठवलीच नव्हती. हसतील असं वाटलं. आठ वर्षांचा असताना काच फोडून आला की असाच बसायचा.

मग त्यानं मला गोंदाबद्दल सांगितलं, मान्यतेचे कागद काढून वाचल्यावर त्याला उमगलेलं.

तो तांदळाएवढा ताणमापक तारेला एका गोंदानं चिकटवलेला असतो. तार ताणली की तोही ताणला जातो, त्यावरून ताण कळतो. पण गोंद तापला की मऊ पडतो. मोटार आतून तापवते, ऊन बाहेरून, आणि ताणलेला मापक गोंदावरून केसाएवढा मागं सरकतो. तार आहे तेवढीच ताणलेली, पण मापक सैल झाला, म्हणून तो कळवतो की ताण कमी झालाय. चिप बिचारी तार आणखी कसते. पडदा परत हिरवा. दुसऱ्या दिवशी परत तेच. छत्तीस मापक एकाच गोंदाचे, एकाच उन्हातले, सगळे सारखेच सरकतात. एखादा वेगळा बोलला असता तर चिपला संशय आला असता. सगळ्यांनी मिळून एकच खोटं सांगितलं, म्हणून ते खरं ठरलं.

मी विचारलं, हे मान्यता देताना कुणी तपासलं नाही? तो म्हणाला, तपासलं. बंद खोलीत, पंचवीस अंशांवर, बहात्तर तास.

सांगली जिल्ह्यात एप्रिलमध्ये पंचवीस अंश कुठल्या खोलीत असतात, ती खोली मला बघायची आहे.

“अक्का,” तो म्हणाला, “मला ऐकायला शिकव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आरोग्य केंद्रावर गेलो. तिथं त्याच कंपनीच्या, त्याच महिन्यात आलेल्या अकरा सायकली होत्या. चाचा पेटी घेऊन रिक्षानं आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, सायकल-स्टँडमध्ये फरशीवर बसला. श्रेणिकला आधी काहीच कळेना, त्याला सगळ्या तारा सारख्याच वाटत होत्या. चाचा म्हणाले, घाई करू नकोस साहेब, पेटीचा सूर आधी गुणगुण, मग तार छेड. माझा भाऊ, तुमचा निरीक्षक, गळ्यात तुमचं ओळखपत्र, स्टँडमध्ये उकिडवा बसून गुणगुणत होता. नर्सबाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसऱ्या चाकापाशी तो थांबला. परत छेडली. पेटी, परत तार. चाचांनी पांढरी दोनवर बोट ठेवलं होतं. श्रेणिक म्हणाला, नाही चाचा, ही वर आहे. चाचांनी बोट उचलून काळी दोनवर ठेवलं आणि सूर जुळला तसं त्याचं गुणगुणणं थांबलं. मग नर्सबायांचं हसणंही थांबलं.

त्याच्या यंत्रावर अकराच्या अकरा सायकली हिरव्या होत्या. पेटीवर फक्त दोन पांढरी एकच्या जवळ होत्या. सात पांढरी दोनच्या वर गेल्या होत्या. दोन पांढरी तीनवर पोचल्या होत्या, आणि त्यांच्या रिमला भोकांपाशी तेच फुगलेलं ॲल्युमिनियम होतं. त्या दोन्हींवर दुसऱ्या दिवशी बाया वस्तीवर जाणार होत्या. त्या आता सायकलीवर जात नाहीत. चालत जातात.

मी पेन्सिल काढली, तर श्रेणिकनं ती माझ्या हातातून घेतली. प्रत्येक रिमवर त्यानं स्वतः लिहिलं. पट्टी, तारीख, पूर्ण नाव, हुद्दा. अकरा चाकांवर. मी म्हटलं, अरे, विचार कर. तो म्हणाला, सुनावणीत त्यांनी मला अक्षर ओळखायला लावलं होतं, आता माझंही ओळखू दे. मी त्याच्याकडं बघितलं नाही. पेटी उचलायला चाचांना हात दिला.

हे सगळं आम्ही तुम्हाला लेखी कळवलं. पोच आली. त्यानंतर श्रेणिकला घरी बसवल्याचं पत्र आलं. कारण लिहिलंय, ‘अमान्य एककांत नोंदी करून यंत्रणेबाबत संभ्रम पसरवणे’. गोंदाबद्दल एक अक्षर नाही. सुनंदाबद्दल नाही. सातव्या पानावरचं वाक्य आहे तिथंच आहे. पत्राच्या वर तुमचं चिन्ह आहे, हिरवं.

आता पुढं ऐका. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही त्या अकरा सायकली तुमच्या फाटकासमोर उभ्या करणार आहोत. ढकलत आणणार, चालवत नाही. चाचा पेटी घेऊन येतील. सुनंदा खुर्चीवर बसलेली असेल. घोषणा देणार नाही, दगड मारणार नाही. तुम्ही फक्त एक माणूस बाहेर पाठवा. शिपाई नको, ज्यानं सातव्या पानावर सही केली तोच. त्यानं वाकायचं, एका तारेला नख लावायचं, आणि काय ऐकू येतं ते सगळ्यांसमोर कागदावर लिहून द्यायचं. मान्य एककात लिहा, हवं तर.

आणि सुनंदाच्या समोर उभं राहून मला एवढंच सांगायचं. चावी लावली तर गुन्हा होता. नाही लावली तर पाय गेला. लिहून ठेवलं तर ते पुरावा म्हणून उलटं वापरलंत, आणि तक्रार केली तर माणूस घरी बसवलात. मग अकरा एप्रिलला सकाळी, हातात चावी असताना, मी नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर द्या.